हाड वाढलंय म्हणतात ते

टाचदुखीचं निम्मं निदान पेशंटच्या पहिल्या वाक्यातच होऊन जातं. "रात्री काही नसतं हो. पण सकाळी उठून पाय खाली टेकवला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. भिंतीला धरून चार-सहा पावलं टाकते, मग हळूहळू मोकळं होतं." असं कुणी सांगितलं की फिजिओथेरपिस्ट म्हणून माझा हात आपोआप टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, कमान जिथून सुरू होते त्या जागेवर जातो. अंगठ्यानं जरा दाबलं की समोरची व्यक्ती पाय झटकन मागे ओढते. जागा सापडलेली असते.

दुसरं वाक्यही बहुतेक ठरलेलं असतं. "एक्स-रे काढलाय. टाचेचं हाड वाढलंय म्हणाले."

हे शब्द इतके सरसकट वापरले जातात की आता ते आजाराचं नावच झालंय. पण त्यांच्यामुळे माणसं काय काय करून बसतात ते मी घरातच पाहिलं आहे. माझ्या मावशीला हेच सांगितलं गेलं, आणि तिनं घरी येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे दूध बंद केलं. मग दही. मग पाळी गेल्यानंतर सुरू केलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही कपाटात गेल्या. तिचं गणित सरळ होतं: हाड वाढतंय, म्हणजे हाडाला खायला घालणं थांबवलं पाहिजे. जवळजवळ वर्षभर तिनं हे पाळलं. टाच दुखायची थांबली नाही. ज्या वयात बाईच्या हाडांना कॅल्शियमची विशेष गरज असते, नेमक्या त्याच वयात तिनं ते तोडलं होतं. मला कळलं तेव्हा मी तिला म्हटलं, "मावशी, आज रात्रीपासून दूध सुरू कर. त्या काट्याचा आणि तुझ्या दुधाचा काही संबंध नाही." तिचा विश्वास बसला नाही. एक्स-रेमध्ये तिनं स्वतःच्या डोळ्यांनी काटा पाहिला होता ना.

आणि तो दिसतोही भीतीदायक. बाजूनं काढलेल्या एक्स-रेत टाचेच्या हाडाच्या खालच्या कडेतून बोटांच्या दिशेनं निघालेलं एक टोक, बाभळीच्या काट्यासारखं. पाय टेकवताना टाचेत काही रुतल्यासारखं वाटतं आणि फोटोत रुतणारी वस्तू समोर दिसते. याहून पटणारा पुरावा कोणता? डॉक्टरांचीही फसगत अशीच झाली होती. विल्हेल्म राँटगेन यांना 8 नोव्हेंबर 1895 रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि पाचच वर्षांत, 1900 मध्ये, प्लेटनर या जर्मन डॉक्टरांनी टाचेच्या हाडाच्या या वाढीचं वर्णन करून तिला घोडेस्वाराच्या टाचेला लावलेल्या आरीवरून नाव दिलं. इंग्रजीतलं 'स्पर' तिथूनच आलं. नवं यंत्र हातात होतं, दुखणाऱ्या टाचांचे फोटो निघत होते, त्यांत काटे दिसत होते. न दुखणाऱ्या टाचांचे फोटो काढायला कोण जातंय? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर या काट्याचं खापर परम्यासारख्या गुप्तरोगावर फोडलं जायचं. टाच दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या साध्यासुध्या माणसाच्या वाट्याला काय संशय आला असेल, याची कल्पना करवत नाही.

पुढे न दुखणाऱ्या टाचाही तपासल्या गेल्या, तेव्हा चित्र पालटलं. टाचेची कसलीही तक्रार नसलेल्या दर दहा माणसांत एक-दोघांच्या एक्स-रेत हा काटा सापडतो. वय वाढतं तसं प्रमाणही वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये 62 ते 94 वयाच्या 216 जणांच्या पायांचे एक्स-रे पाहिले, तर 119 जणांच्या, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांच्या टाचेखाली काटा होता. उलट, पहिल्या पावलाला कळवळणाऱ्या कितीतरी पेशंटांच्या एक्स-रेत काटा नसतोच.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा काटा खाली जमिनीकडे वळलेला नसतो. तो पुढे, बोटांकडे तोंड करून, जमिनीला जवळजवळ समांतर असतो. त्याच्या खाली टाचेच्या चरबीचा जाड थर असतो. म्हणजे 'काटा रुततो' हे जे वाटतं ते दुखण्याचं वर्णन म्हणून अगदी खरं आहे, पण तिथे प्रत्यक्षात काही रुतत नसतं.

मग तो तिथे येतो कशाला? वर्षानुवर्षं सांगितलं गेलेलं उत्तर असं, की तळव्याची पट्टी टाचेच्या हाडाला ओढत राहते आणि त्या ओढीनं हाड खेचल्यासारखं पुढे वाढतं. पण मृतदेहांच्या टाचांचे छेद घेऊन पाहिलं तेव्हा पुष्कळदा काटा त्या पट्टीत नसून तिच्या वरच्या अंगाला, बोटं वळवणाऱ्या छोट्या स्नायूच्या मुळाशी निघाला. हाडाच्या आतली जाळी नेहमी ज्या दिशेनं ताण येतो त्या दिशेनं विणलेली असते. काट्याच्या आतली वीण मात्र पट्टीच्या ओढीच्या दिशेत बसत नाही. त्यामुळे आज अनेक अभ्यासकांचा कल वेगळ्या उत्तराकडे आहे: वर्षानुवर्षं वरून खाली पडणाऱ्या दाबाला तोंड देताना शरीर त्या कोपऱ्यात हाडाचा टेकू उभा करतं. मला हे उत्तर पटतं. जुन्या घराच्या भिंतीला बाहेरून टेकू दिलेला दिसला तर आपण समजतो की या भिंतीवर बराच भार आलेला आहे. टेकूमुळे भिंत कलली असं कुणी म्हणत नाही.

तर दुखतं ते काय?

खुर्चीत बसा, एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हातानं पायाचा अंगठा वर, नडगीच्या दिशेनं ओढा. दुसऱ्या हाताची बोटं तळव्याच्या मधोमध फिरवा. कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखी एक कडक कड लागेल. हीच ती पट्टी. डॉक्टर तिला प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेच्या हाडाच्या तळापासून ती निघते, पंख्यासारखी पसरत जाते आणि पाच फाटे होऊन पाचही बोटांच्या मुळाशी पोचते. स्नायूसारखी ती आकसत नाही, रबरासारखी फारशी ताणतही नाही. पायाची कमान उभी ठेवण्याचं मोठं काम तिच्याकडे असतं. पावलात 26 हाडं आहेत. ती नुसती एकमेकांवर रचलेली असती तर अंगाच्या वजनानं पाऊल भाकरीसारखं थापलं गेलं असतं. ही पट्टी कमानीची दोन टोकं धनुष्याच्या दोरीसारखी धरून ठेवते.

तिचं दुसरं काम आणखी सुंदर आहे. चालताना टाच उचलून आपण चवड्यावर येतो, तेव्हा बोटं मागे वळतात. त्यांच्याबरोबर पट्टी चवड्याच्या सांध्याभोवती गुंडाळली जाते, जशी विहिरीवर रहाटाभोवती दोरी गुंडाळावी तशी. दोरी आखडते, टाच आणि चवडा जवळ येतात, कमान उंचावते आणि क्षणापूर्वी लवचीक असलेलं पाऊल एकदम ताठ होतं. त्या ताठपणाच्या जोरावर आपण स्वतःला पुढे ढकलतो. हिक्स या संशोधकानं 1954 मध्ये ही यंत्रणा नीट मांडली. दिवसातून हजारो वेळा, प्रत्येक पावलाला हा रहाट फिरतो. मी विद्यार्थिदशेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा घराबाहेर जाऊन उगाच चालत राहिले होते, फक्त स्वतःच्या पायाखाली हे होतंय हे जाणवून घेण्यासाठी.

पट्टीचा सगळा ताण शेवटी टाचेच्या हाडावर जिथे ती चिकटते त्या बोटभर जागेवर येतो. भार पेलवेनासा झाला की बिघाड होतो तो तिथेच. सोनोग्राफीत पाहिलं तर निरोगी पट्टी साधारण 2 ते 4 मिलिमीटर जाड दिसते आणि दुखणारी त्याहून जाड. हा बिघाड म्हणजे सूज आहे असं बरीच वर्षं मानलं गेलं, म्हणून आजारालाही सूज सुचवणारं 'फॅसायटिस' हे नाव पडलं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जुनाट टाचदुखीसाठी शस्त्रक्रिया झालेल्या 50 पेशंटांच्या पट्टीचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सुजेच्या खुणा सापडल्या नाहीत. दिसली ती झीज: विस्कटलेले तंतू, मधेच तुटलेली वीण, अर्धवट झालेली डागडुजी. वापरून वापरून विरलेल्या नऊवारीच्या काठासारखं. नवीन दुखण्यात थोडी सूज असूही शकते, पण महिनोन्महिने चाललेलं दुखणं हे विरण्याचं आणि अपुऱ्या दुरुस्तीचं दुखणं आहे. सुजेच्या गोळ्यांनी पाच दिवस बरं वाटून सहाव्या दिवशी पुन्हा तेच का होतं, त्याचं उत्तर इथे मिळतं.

आणि सकाळचंच पाऊल का? झोपेत आपले पाय घोट्यातून पुढे, खाली झुकलेले असतात. वरून गोधडीचं वजन असेल तर आणखीच. पोटरी आणि तळव्याची पट्टी दोन्ही रात्रभर आखडलेल्या स्थितीत राहतात. सकाळी उठून उभं राहताच सगळ्या अंगाचा भार एका दमात त्या आखडलेल्या पट्टीवर येतो आणि विरलेली जागा ओढली जाते. थोडं चालल्यावर ती सैलावते. दुपारी तासभर बसून उठलं की पुन्हा कळ येते, कारण तेच. संध्याकाळी दुखतं ते वेगळं, ते दिवसभराच्या भाराचं.

हा भार कुणावर जास्त पडतो हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या स्वयंपाकघरात डोकावावं. शेणानं सारवलेली जमीन जाऊन शहाबादी फरशी आली, मग मोझॅक, मग ग्रॅनाईट आणि गुळगुळीत टाइल्स. चुलीपुढे बसून होणारा स्वयंपाक ओट्यापाशी उभ्यानं होऊ लागला. चपला मात्र दाराबाहेरच राहिल्या, कारण आत देव आहेत. म्हणजे दगडासारख्या जमिनीवर, अनवाणी, सकाळ-संध्याकाळ मिळून पाच-सहा तास उभं राहणं. याच्या जोडीला चाळिशीनंतर वाढलेलं वजन आलं की टाचेनं कुरकुर केली नाही तरच नवल. वर्गात उभे राहणारे शिक्षक, एसटीचे वाहक, बंदोबस्तावरचे पोलीस, दुकानात गिऱ्हाईक करणाऱ्या मुली, वॉर्डात फिरणाऱ्या नर्स यांचंही तेच.

निसर्गानं टाचेखाली गादी दिली आहे खरी. चरबीच्या बारीक बारीक कप्प्यांची, मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेली, मोठ्या माणसात दीड ते दोन सेंटिमीटर जाडीची. पण वयानुसार तिचा लवचीकपणा कमी होतो.

दुसरं कारण भाराच्या एकदम वाढण्याचं. लग्नकार्यात चार दिवस अखंड उभं राहणं, डॉक्टरांनी 'चालायला लागा' म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात रोज सहा किलोमीटर, किंवा वर्षभर खुर्चीत बसून आषाढात थेट वारी. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. वारीवरून आल्यावर टाच धरून बसलेले पेशंट भेटतात, आणि त्यांना 'चालू नका' म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. मी एवढंच म्हणते, की पुढच्या वर्षी जायचंच आहे तर चैत्रापासून रोज थोडं थोडं वाढवत चाला.

तिसरं कारण लोकांच्या ध्यानातच येत नाही: पोटरी. पोटरीचे स्नायू जाड दोरखंडासारख्या अकिलीस टेंडननं टाचेच्या मागच्या बाजूला बांधलेले असतात. ते आखडलेले असले तर घोटा पुरेसा वर वळत नाही, आणि ती कसर चालताना तळव्याच्या पट्टीला भरून काढावी लागते. घोटा वर न वळणं हे या दुखण्याचं एक मोठं कारण असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. स्वतःचं पाहायचं असेल तर एखाद्या दाराच्या चौकटीला धरून टाचा न उचलता उकिडवं बसून बघा. आपल्या आज्या तासन्‌तास तशा बसून भाजी निवडत. आज पस्तिशीतल्या माणसाच्याही टाचा उचलल्या जातात. कमोड, डायनिंग टेबल आणि ओटा या तिन्हींनी मिळून आपल्या पोटऱ्यांचा तो रोजचा ताण काढून घेतला, असं माझं मत आहे.

हे दुखणं आपल्याकडे नवं नाही. सुश्रुतसंहितेत वातकंटक नावाचा विकार सांगितला आहे. पाऊल वेडंवाकडं पडल्यानं घोट्या-टाचेच्या भागात वायू दुखणं निर्माण करतो, असं त्याचं वर्णन. नावातला 'कंटक' म्हणजे काटाच. एक्स-रे नसताना, केवळ रुग्णाला काय वाटतं ते ऐकून ठेवलेलं हे नाव आहे. काटा त्यांनीही म्हटलं, पण तो वेदनेतला काटा. मला ही दृष्टी आपल्या 'हाड वाढलंय'पेक्षा अधिक नेमकी वाटते.

घराघरांतला उपायही तसाच जुना. वीट चुलीवर तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि त्यावर टाच टेकवून शेक घ्यायचा. याची चेष्टा करणाऱ्यांत मी नाही. शेकानं आखडलेले तंतू सैलावतात, दुखणं काही वेळ उतरतं, आणि शेकून झाल्यावर लगेच पाय ताणला तर ताणही चांगला बसतो. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, म्हणून पान हाताळलं की हात धुवायचेच. आणि मधुमेह असलेल्यांनी गरम विटेच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, चटका बसतो तो कळत नाही, आणि टाचेवरची जखम मग महिनोन्महिने भरत नाही. अशा जखमेपायी पाय गमावावा लागलेली माणसं मी पाहिली आहेत. त्या मानानं टाचदुखी परवडली.

आता करायचं काय, ते मावशीला सांगितलं त्याच क्रमानं सांगते.

सर्वांत आधी घरातली चप्पल. चार भिंतींच्या आतच वापरायची, मऊ तळव्याची, कमानीला थोडा आधार देणारी, टाच पुढच्या भागापेक्षा जराशी उंच असलेली. झिजून पापडासारखी झालेली हवाई चप्पल यात बसत नाही. मावशी म्हणाली, "स्वयंपाकघरात चप्पल? तुझी आजी असती तर काय म्हणाली असती!" शेवटी आम्ही एक जोड विकत आणला, जो कधीही उंबऱ्याबाहेर जाणार नाही, अशा बोलीवर. देवघरापाशी काढायचा, ओट्यापाशी घालायचा. सकाळी पलंगाखाली हाताशी ठेवायचा म्हणजे पहिलं पाऊल फरशीवर न पडता त्यावर पडेल. एवढ्या एका गोष्टीनं बऱ्याच जणींचं दुखणं पंधरवड्यात हलकं होतं.

मग पहिल्या पावलाआधीचा व्यायाम. 2003 मध्ये डीजोव्हानी आणि सहकाऱ्यांनी जुनाट टाचदुखीच्या 101 पेशंटांवर दोन प्रकारचे ताण पडताळून पाहिले. एका गटानं नेहमीसारखी पोटरी ताणली, दुसऱ्यानं थेट तळव्याची पट्टी. आठ आठवड्यांनी दुसरा गट पुढे होता. कृती अशी. अंथरुणातच बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हातानं सगळी बोटं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हातानं पट्टी ताणली गेली आहे ना ते चाचपायचं, आणि मनात दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यातली पहिली खेप जमिनीवर पाय ठेवण्याच्या आधी. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागतो तो नेम, आणि तोच लोकांकडून सुटतो. मी पेशंटना सांगते, देवापुढे दिवा लावण्याआधी हे करा, म्हणजे विसरणार नाही.

पोटरीचा ताण याच्या जोडीला हवाच. भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि अंग पुढे झुकवायचं. नंतर तेच मागचा गुडघा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि खालचा थर गुडघा वाकवल्याशिवाय नीट ताणला जात नाही. तळव्याखाली जुनं लाटणं किंवा बर्फ झालेली पाण्याची बाटली फिरवली तर संध्याकाळची ठसठस शमते.

पण निव्वळ ताणण्यावर मी थांबत नाही. विरलेली वस्तू पुन्हा मजबूत व्हायची तर तिच्यावर मोजून-मापून भार टाकावा लागतो. डेन्मार्कच्या रॅथलेफ आणि सहकाऱ्यांचा 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यासाठी माझ्या फार उपयोगी पडला. पायरीच्या कडेवर चवड्यानं उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा म्हणजे बोटं वर वळतात आणि रहाटाची दोरी आवळली जाते. मग तीन सेकंद घेत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंद घेत खाली. हे एक दिवसाआड. झेपेल तसं पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन वजन वाढवायचं. तीन महिन्यांनी या गटाचं दुखणं केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, वर्षानंतर मात्र दोन्ही गट सारखेच आले. माझ्या लेखी ते तीन महिनेही थोडे नाहीत, कारण रोज सकाळी ते मोजणारी माणसं मी ओळखते. हा व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं पाऊल जास्त जड गेलं तर मात्र भार कमी करायचा.

सिलिकॉनचे टाचेचे कप, कमानीचा आधार, तळव्याला लावायची चिकटपट्टी या गोष्टी मधल्या काळात सोबत देतात. वजन उतरवता आलं तर टाचेइतका दुवा दुसरं कुणी देणार नाही, पण दुखऱ्या टाचेनं चालून वजन कमी करा असं सांगणं निष्ठुरपणाचं आहे. सायकल किंवा पोहणं बरं.

इंजेक्शनाबद्दल प्रत्येक जण विचारतो. स्टिरॉइडच्या इंजेक्शनानं दुखणं झपाट्यानं उतरतं, पण तो आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो. पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेची गादी विरघळून पातळ होण्याचा आणि पट्टी तुटण्याचाही धोका असतो. घरात लग्न तोंडावर आहे आणि बाईला उभंच राहता येत नाही, अशा वेळी एखादं समजण्यासारखं आहे. सहा महिने नेटानं व्यायाम करूनही उतार नसेल तर आघात-लहरींचा, म्हणजे शॉकवेव्हचा उपचार करून पाहता येतो. अमेरिकेत त्याला या दुखण्यासाठी 2000 मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रिया फारच थोड्यांना लागते, आणि लागते तेव्हाही मुख्य काम पट्टीचा काही भाग मोकळा करण्याचं असतं. काटा कापून काढणं हा तिचा हेतू नसतो.

वेळेबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं, कारण बहुतेक जण तिथेच खचतात. दहातले आठ-नऊ जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पण त्याला कधीकधी दहा-बारा महिने लागतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलले जातात, नवा एक्स-रे निघतो, नवीन माणूस पुन्हा तोच काटा दाखवतो.

प्रत्येक टाचदुखी मात्र हीच नसते. आठ ते चौदा वर्षांचं, मैदानावर धावणारं मूल टाचेच्या मागच्या बाजूला दुखतं म्हणत असेल तर ते वाढीच्या हाडाचं दुखणं असतं, विश्रांतीनं जातं. ऐन पंचविशीत दोन्ही टाचा दुखतात आणि सोबत सकाळी कंबर तासभर जखडलेली असते, अशा तरुणानं संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं. मणक्यांच्या संधिवाताची सुरुवात अशीही होते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबल्यावर कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. जळजळ, मुंग्या, बधिरपणा असेल तर नस दबल्याचा विचार करावा लागतो. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, लालसर सूज यांत घरगुती उपाय करत बसू नये. आणि टाचांबरोबर सगळंच अंग, हाडं, मांड्या दुखत असतील तर ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. उन्हाच्या देशात राहूनही आपल्याकडे त्याची कमतरता सर्रास आढळते.

मावशीला सात महिने लागले. पहिल्या दोन महिन्यांत ती मला फोन करून रागवायची. चौथ्या महिन्यात तिनं फोन करणं सोडलं, आणि मला वाटलं तिनं व्यायामही सोडला. दिवाळीला गेले तेव्हा ती पहाटे चारला उठून अभ्यंगाची तयारी करत होती, चप्पल पलंगाखालीच राहिलेली. मी तिकडे बोट दाखवलं तर ती क्षणभर आपल्या पायाकडे बघत उभी राहिली. नंतर घसरून पडल्यानं घोट्याचा एक्स-रे काढावा लागला. घोट्याला काही झालं नव्हतं. त्याच फोटोच्या खालच्या कोपऱ्यात टाचेचा तो काटा होता, पूर्वी होता तेवढाच, तिथेच. "हा अजून आहे की गं," ती म्हणाली, आणि दूध तापत ठेवलंय म्हणून आत गेली.